महापालिकेची सरळसेवा भरती: आरक्षण, समांतर आरक्षण आणि कागदपत्रं नेमकी कुठे अडतात

लिपिक, आरोग्य निरीक्षक, कनिष्ठ अभियंता, अग्निशामक अशा पदांची जाहिरात आली की बहुतेक जण आधी अभ्यासक्रम बघतात. आधी बघायचा तो पदांचा तक्ता. परीक्षा संगणकावर होते आणि गट-क, गट-ड पदांना सहसा मुलाखत नसते, त्यामुळे गुण मिळवूनही माणूस बाद होतो तो बहुधा कागदपत्र तपासणीच्या टेबलावर.

तक्त्यात उभे रकाने सामाजिक आरक्षणाचे. राज्यात अजा (अनुसूचित जाती) १३, अज (अनुसूचित जमाती) ७, विजा-अ (विमुक्त जाती) ३, भज (भटक्या जमाती)-ब २.५, भज-क ३.५, भज-ड २, विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) २ आणि इमाव (इतर मागास वर्ग) १९ टक्के. यावर एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १० टक्के. या टक्क्यांची पदं बिंदुनामावलीवरून, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे क्रमाने दाखवणाऱ्या नोंदवहीवरून, ठरतात आणि ती नामावली विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष तपासतो. आपल्या प्रवर्गाला शून्य पदं दिसली म्हणजे अन्याय झालाच असं नाही, आधी भरलेली पदं जास्त असू शकतात. शंका असेल तर प्रमाणित बिंदुनामावलीची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

आडव्या ओळी समांतर आरक्षणाच्या, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजल्या जाणाऱ्या आरक्षणाच्या: महिला ३०, माजी सैनिक १५, पदवीधर अंशकालीन (सरकारी कार्यालयात अर्धवेळ काम केलेले पदवीधर) १०, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, दिव्यांग ४, भूकंपग्रस्त २, अनाथ १ टक्का. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. समजा इमावची १० पदं आहेत, त्यातली ३ महिलांची. गुणवत्तेनुसार पहिल्या दहांत ३ महिला आल्याच असतील तर आरक्षण पूर्ण झालं, आणखी कुणाला वर आणत नाहीत. एकच आली असेल तर यादीतले शेवटचे दोन पुरुष खाली जातात आणि इमावमधल्याच पुढच्या दोन महिला आत येतात. ‘महिलांच्या ३ जागा वेगळ्या आणि उरलेल्या ७ पुरुषांच्या’ हे गणित चुकीचं आहे. खुल्या गटातल्या महिलांच्या जागेवर मागास प्रवर्गातली महिलाही गुणवत्तेवर येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. खुल्या महिला पदासाठी नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याच्या) प्रमाणपत्राची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने गेली. जुन्या जाहिरातीवरून कुणी सल्ला देत असेल तर तो तपासून घ्या.

आता प्रमाणपत्रं. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस, दोन्हींची मर्यादा ८ लाख, पण मोजणी अगदी वेगळी. नॉन-क्रिमीलेअरच्या उत्पन्नात आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत (त्यांचं पद मात्र बघतात), आणि लग्न झालेल्या स्त्रीच्या बाबतीतही आई-वडिलांचीच परिस्थिती बघतात, नवऱ्याची नाही. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा सगळं येतं आणि नवरा किंवा बायको कुटुंबात मोजली जाते. ईडब्ल्यूएस दाखला राज्याच्या नमुन्यातलाच हवा. केंद्राच्या भरतीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही, आणि राज्याच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासूनच्या रहिवासाचा पुरावा लागतो. एसईबीसीत येणाऱ्याला ईडब्ल्यूएस घेता येत नाही.

नॉन-क्रिमीलेअर अजा, अज सोडून बाकी मागास प्रवर्गांना लागतं. ते कोणत्या तारखेला वैध हवं हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, बहुधा अर्जाची शेवटची तारीख. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं असेल आणि अर्जाची मुदत एप्रिलात संपत असेल, तर नंतर काढलेला नवा दाखला टेबलावर चालेलच असं नाही. म्हणून जाहिरातीची वाट न बघता नवीन आर्थिक वर्ष सुरू होताच ‘आपले सरकार’ किंवा सेतू केंद्रातून नवीन दाखल्यासाठी अर्ज करून ठेवावा.

जातीचा दाखला आणि जात वैधता (तो दाखला खरा असल्याचं जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता नसेल तर निवडीनंतर मुदत देऊन नियुक्ती देतात, पण ती त्या अटीवर. समितीकडे वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे लागतात: अजासाठी १० ऑगस्ट १९५०, अजसाठी ६ सप्टेंबर १९५०, विजाभजसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इमावसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीतली) नोंद शोधायला वेळ लागतो, तो परीक्षेच्या आधी काढा.

बाकीचं थोडक्यात. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). कार्डावरचा प्रकार त्या पदासाठी सुनिश्चित केलेल्या प्रकारात बसतो का ते आधी बघा. लेखनिक हवा असेल तर अर्जातच नोंद करा, तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. खेळाडूने क्रीडा प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांकडून आधी पडताळून घ्यावं. लिपिकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टंकलेखन प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, नमुना अ, सगळ्यांनाच.

अर्जात निवडलेला प्रवर्ग सहसा नंतर बदलत नाहीत. समांतर आरक्षणाचा ‘होय’ चुकून राहिला तर दाखला हातात असूनही उपयोग होत नाही. ‘सबमिट’ करण्याआधी प्रिव्ह्यूची प्रिंट काढून दाखल्यांशेजारी ठेवून वाचा.

उत्तरतालिकेवर हरकत प्रश्न क्रमांक आणि पुस्तकाच्या पानासह नोंदवा, नुसतं ‘उत्तर चुकीचं’ लिहून भागत नाही. तात्पुरत्या यादीवरची हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. नोकरी लावून देतो म्हणून पालिकेतलाच कुणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. निवड यादीविरुद्ध दाद मागायची तर महापालिकेच्या भरतीसाठी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नव्हे, उच्च न्यायालय. प्रतीक्षायादी साधारण वर्षभरच चालते, त्यामुळे न्यायालयात जायचं असेल तर महिने घालवू नका.