निर्णय कोणाचा? वार्धक्याच्या मानसशास्त्राची पार्श्वभूमी

ज्येष्ठांसाठी काय करायला हवं, असं पुण्यात कुणालाही विचारा, उत्तर बहुतेकदा जागेचं येतं. वृद्धाश्रम, ज्येष्ठांसाठी खास बांधलेले गृहप्रकल्प, लिफ्ट, बागेतली बाकं. ते हवंच. नवी पेठेतला 'निवारा' तर डेव्हिड ससून यांच्या नावाच्या अनाथ पंगुगृहापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, निराधारांना आसरा देतो आहे. पण म्हातारपणी मनाला काय लागतं, याचा अभ्यास सुरू व्हायला फार उशीर झाला.

मानसशास्त्राचा बराच काळ मुलांच्या वाढीचा अभ्यास करण्यात गेला. अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल यांनी वार्धक्यावर मोठा ग्रंथ लिहिला तो १९२२ साली, स्वतः पंचाहत्तरीच्या आसपास असताना. पुढे १९६१ मध्ये इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी मांडलं की, वय वाढतं तसा माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो आणि हे दोघांच्याही भल्याचं असतं. या सिद्धान्तावर लवकरच टीका झाली. घराघरांत मात्र तो आजही ठाण मांडून आहे. 'बाबा, आता तुम्ही कशात पडू नका' हे त्याचंच मराठी रूप.

याच्या उलट दिशेचा पुरावा १९७६ मध्ये आला. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात दोन मजल्यांवर दोन तऱ्हा ठेवल्या. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोली कशी लावायची, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा, हे तुम्हीच ठरवा. हे रोप घ्या, त्याची काळजीही तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी आणि तरतरीत दिसू लागली. दीड वर्षानंतर त्यांच्यातले मृत्यूही कमी आढळले. तो फरक आधी मांडला तेवढा ठाम नव्हता, अशी दुरुस्ती पुढे छापली गेली. प्रयोग लहान होता, पण त्याने विचारलेला प्रश्न मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: या माणसाने स्वतः ठरवावं असं दिवसभरात काय उरलं आहे?

पुण्यात मुलं परदेशी किंवा बंगळुरूला असलेली घरं पुष्कळ. आईला त्रास नको म्हणून मुलगा तिकडून ॲपवर भाजी मागवतो. यामागचं प्रेम खरंच आहे. पण मंडईत जाऊन मेथीची जुडी उलटसुलट करून बघणं, भाव करणं, वाटेत ओळखीच्या चार जणींशी बोलणं, हे सगळं त्या पिशवीबरोबर येत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं होतं की, जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा काढणं हे बुद्धी चळल्याचं लक्षण नव्हे. त्यातून माणूस आपल्या आयुष्याचा हिशोब लावत असतो. वयावरून होणाऱ्या भेदभावाला 'एजिझम' हे नाव त्यांनीच १९६९ मध्ये दिलं. १९९० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला इंटरनॅशनल लाँजेव्हिटी सेंटर काढलं, आणि त्याच परिवारातलं भारतीय केंद्र २००३ मध्ये डॉ. शरच्चंद्र गोखले यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालं. या इतिहासाचा एक धागा असा थेट आपल्या गावात येतो.

गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ तर त्याआधीपासूनचे. त्यांचा 'फेस्कॉम' हा राज्यस्तरीय महासंघ १९८० सालचा. संघात व्याख्यानं होतात, वाढदिवस साजरे होतात. पण मला मोलाची वाटते ती वर्गणीची वही, सहलीची बस ठरवणं, कार्यकारिणीतले वादसुद्धा. तिथे जबाबदारी ज्येष्ठांचीच असते.

स्वतःच्या वयाबद्दलची समजूतही अंगी लागते. बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासात, ओहायोतले जे लोक आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहत होते, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. आपल्याकडे उलट समजुतीची किंमत मोजावी लागते. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या वार्धक्याविषयीच्या देशव्यापी पाहणीत, लक्षणांवरून दिसणारं नैराश्य हे निदान झालेल्या नैराश्याच्या सुमारे १० पट निघालं. गुडघा दुखला की आपण आजीला लगेच डॉक्टरांकडे नेतो. ती बोलेनाशी झाली, जेवण टाकू लागली, की 'वय झालं' म्हणून सोडून देतो. हे नैराश्य उपचारांनी बरं होऊ शकतं, सत्तरीत आणि ऐंशीतही. समुपदेशकाला महिन्यातून एकदा बोलावणं पुण्यातल्या कुठल्याही संघाला जमण्यासारखं आहे. सुरुवात तिथून करता येईल.