पहिली गाडी सीएसएमटीच्या इमारतीतून सुटली नव्हती

दरवर्षी १६ एप्रिल आला की सीएसएमटीच्या घुमटाचा फोटो फिरतो आणि खाली ओळ असते, ‘इथूनच १८५३ साली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली.’ गाडी निघाली हे खरं, पण ही इमारत तेव्हा नव्हतीच! साहिब, सिंध, सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढले ते बोरीबंदरच्या साध्या स्टेशनातून. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर या वास्तूचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, पूर्ण झालं १८८८ मध्ये. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ जरूर बघा, फार देखणे आहेत. पहिल्या गाडीतल्या साधारण ४०० प्रवाशांना मात्र ते दिसलेले नाहीत.