सांगायचा ओटीपी आणि न सांगायचा ओटीपी

माझी भाची भंवरकुवाला कोचिंगला जाते. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या दारात बाइक-टॅक्सी आली की हेल्मेट घालता घालताच ती चार आकडे मोठ्याने सांगते, चालक ते आपल्या मोबाइलमध्ये टाकतो आणि गाडी निघते. दुपारी पार्सल आलं की पुन्हा तेच. अशा मुलीला आपण म्हणतो, "ओटीपी कुणालाही सांगू नकोस." रोज दोन-तीनदा सांगावीच लागणारी गोष्ट ती कशी लपवणार? मला हा उपदेश फार अपुरा वाटतो.

गाडीचा ओटीपी म्हणजे ओळख पटवणं: सवारी तीच आहे ना, एवढंच. तो विचारणारा समोर उभा असतो आणि आकडे टाकतोही तोच. चुकीच्या माणसाला सांगितला तरी घोटाळा त्या एका फेरीपुरता. पार्सलचाही तसाच, फक्त तो वस्तू हातात आल्यावरच सांगायचा.

बँकेचा ओटीपी ही मात्र तुमची सही आहे. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे सीव्हीव्हीचे तीन आकडे चोराच्या हाती आधीच लागलेले असू शकतात. त्याचं अडतं ते ओटीपीपाशी. हे आकडे बँकेचं कॉम्प्युटर पाठवतं आणि ते तुम्ही स्वतः उघडलेल्या पानावर, स्वतःच्या बोटांनी टाकायचे असतात. मध्ये कुणाचंच काम नाही, बँकेतल्या साहेबांचंही नाही. म्हणून मी भाचीला एकच प्रश्न शिकवलाय: आकडे टाकणार कोण?

गेल्या महिन्यात तिला फोन आला, "मॅडम, आपका पार्सल है. नहीं चाहिए तो कैंसल का ओटीपी बता दीजिए." तिने काहीच मागवलं नव्हतं, तरी सवयीने ती आकडे वाचायच्या बेतात होती. मी मोबाइल हातात घेतला. वर सहा आकडे ठळक दिसत होते. मेसेज पूर्ण उघडला, तर खाली रक्कम होती १८,४९९ रुपये, पुढे कुठल्याशा दुकानाचं नाव, आणि शेवटी "कुणालाही सांगू नका". तिने फक्त आकडेच पाहिले होते. रद्द करण्याच्या ओटीपीत रक्कम कशाला असेल? मेसेज पूर्ण वाचायला पाच सेकंद लागतात, ती द्याच.

कुणी "कुरिअरवाल्याशी बोलायला" स्टार ४०१ स्टार आणि पुढे एखादा नंबर डायल करायला सांगितला, तर करू नका. त्याने तुमचे कॉल त्या नंबरवर वळू शकतात, आणि कॉलवर येणारा ओटीपीही तिकडेच जाऊ शकतो.

यूपीआयच्या पिनचं सोपं आहे: तो कुणालाच सांगायचा नाही, आणि पैसे येण्यासाठी तो कधीच लागत नाही.

आणि आकडे तोंडातून गेलेच, तर आई-बाबा रागावतील म्हणून गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७मध्ये नियम केला होता: ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे कार्डामागच्या नंबरवर फोन करून आधी कार्ड बंद करायचं, मग लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. भाचीच्या मोबाइलमध्ये हे दोन्ही नंबर आता माझ्या नंबरच्याही वर आहेत.