वजन उतरवणे (मुष्टियुद्ध)

ठरलेल्या वजनगटात बसण्यासाठी मुष्टियोद्धा वजनमापाआधीच्या काही दिवसांत शरीरातले पाणी मुद्दाम कमी करतो, त्या प्रथेला वजन उतरवणे म्हणतात. सरावाच्या काळात हळूहळू चरबी घटवणे वेगळे. इथे जाते ते मुख्यतः पाणी, आतड्यातले अन्न आणि यकृत व स्नायूंमधले ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेली साखर. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते, त्यामुळे पिष्टमय अन्न तोडताच काटा भराभर खाली येतो. उरलेले वजन सॉना (घाम काढणारी गरम खोली), गरम पाण्याचा टब किंवा प्लॅस्टिकचा सूट घालून केलेल्या व्यायामाने काढतात.

व्यावसायिक लढतीचे वजन बहुधा आदल्या दिवशी होते. मधल्या २४ ते ३६ तासांत खाऊन-पिऊन प्रतिस्पर्ध्यापेक्षा जड होऊन रिंगमध्ये उतरायचे, असा हा हिशेब. प्रतिस्पर्धीही तेच करत असल्याने फायदा बराचसा फिटतो आणि नुकसान मात्र दोघांच्याही वाट्याला येते. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धांत वजन लढतीच्याच सकाळी घेतात; तिथे भरपाईला वेळच नसतो.

पाणी कमी झाले की रक्तद्रवाचे आकारमान घटते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त पुढे जाते आणि तेवढ्याच श्रमाला नाडी जास्त वेगाने चालते. त्वचेकडे रक्त कमी पोहोचल्याने अंगातली उष्णताही नीट बाहेर पडत नाही. एकट्या ठोशाच्या जोरावर याचा परिणाम त्या मानाने थोडा असतो. म्हणूनच अशी कपात फसवी ठरते: ड्रेसिंग रूममध्ये पॅडवर ठोसे कडक बसतात, पहिल्या दोन फेऱ्याही बऱ्या जातात. खरे रूप लढतीच्या मध्यावर दिसते. पाय जड होतात, हात हनुवटीखाली घसरतात, येणारा ठोसा दिसतो पण डोके वेळेवर हलत नाही.

काट्यावर वजन परत आले म्हणजे शरीर सावरले असे नव्हे. नुसते पाणी ढोसले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते; ते टिकायला सोडियम लागते. रिकामे झालेले ग्लायकोजेन भरायला, भरपूर पिष्टमय अन्न खाऊनही, एक दिवस अपुरा पडू शकतो. सलाइनचा आडमार्गही जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनी जवळपास बंद केला आहे: वैद्यकीय कारणाशिवाय १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेता येत नाही. लघवी वाढवणारी औषधेही निषिद्ध यादीत आहेत.

कोरड्या पडलेल्या शरीरात मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, असे अनेक डॉक्टर मानतात. माणसांवर असा प्रयोग करणे शक्य नसल्याने थेट पुरावा तुटपुंजा आहे. धोका नाकारायला मात्र तेवढे कारण पुरत नाही.

उलट बाजूचे, म्हणजे भरपाई साधल्याचे, सर्वांत गाजलेले उदाहरण २००० सालच्या फेब्रुवारीतले. आर्तुरो गाती आणि जोई गमाश या मुष्टियोद्ध्यांच्या लढतीची मर्यादा १४१ पौंड (सुमारे ६४ किलो) होती. लढतीच्या रात्री गाती १६० पौंड भरला, गमाश १४५. दुसऱ्याच फेरीत गमाश कोसळला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याची कारकीर्द तिथेच संपली. भरपाई साधली तर काय होते, हे या लढतीने दाखवले, आणि प्रथा का सुटत नाही तेही.

अमेरिकी मुष्टियोद्धा रॉय जोन्स ज्युनियरची गोष्ट निराळी. मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांवर त्याने हेवीवेट विजेतेपद मिळवले आणि नोव्हेंबरमध्ये १७५ पौंडांच्या गटात परतून अँटोनियो टार्व्हरला कसेबसे हरवले. त्या रात्री तो ओळखू येऊ नये इतका दमला होता. पुढच्या मे महिन्यात टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत लोळवले. वय पस्तिशीचे होते, हे खरे. पण त्याने नुसते पाणी नव्हे, कमावलेले स्नायूही उतरवले होते.

यावर उपाय म्हणून जागतिक मुष्टियुद्ध परिषद विजेतेपदाच्या लढतीआधी ३० आणि ७ दिवसांवर वजने तपासते. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघ विजेतेपदाच्या लढतीच्या सकाळी दुसरे वजन घेतो आणि मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त वाढ चालू देत नाही. काही करारांतही अशीच अट असते. एप्रिल २०२५ मधल्या क्रिस युबँक ज्युनियर–कॉनर बेन लढतीत ती होती. त्याआधीच्या वजनमापाला युबँक १६० पौंडांच्या मर्यादेपेक्षा अवघे ०.०५ पौंड जास्त भरला, त्यासाठी मोठा दंड भरून रिंगमध्ये उतरला आणि १२ फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला.