ऑनलाइन बाजारात विक्रेत्याचे पैसे रोखणे आणि अभिप्रायाचे नियम

ऑनलाइन बाजारात वस्तू विकली जाते आणि गिऱ्हाईक पैसेही भरते, पण ते पैसे विक्रेत्याला लगेच मिळत नाहीत. बाजार चालवणारी कंपनी ते काही दिवस रोखून धरते. या पद्धतीला व्यापारात 'पेमेंट होल्ड' म्हणतात. व्यवहार झाल्यावर गिऱ्हाईक विक्रेत्याबद्दल जो शेरा देते तो अभिप्राय. रोजच्या बोलण्यात 'रेटिंग' किंवा 'फीडबॅक'. या दोन्ही गोष्टी एकाच जुन्या पेचातून निघाल्या आहेत. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांत आधी माल सुटावा की आधी पैसे? या नोंदीत दोन्हींचा विचार एकत्र केला आहे, कारण व्यवहारात त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. ज्याच्या नावावर अभिप्राय थोडे, त्याचे पैसे जास्त दिवस अडकतात.

हा पेच आपल्याकडच्या बाजारांनीही सोडवला आहे, पण उलट्या दिशेने. बाजार समितीत शेतकरी खरेदीदाराला ओळखत नसला तरी आडत्याला ओळखतो. माल उतरतो, लिलाव होतो, आडत्या शेतकऱ्याची पट्टी चुकती करतो आणि खरेदीदाराकडून वसुली नंतर करतो. म्हणजे मधला माणूस आपले भांडवल घालून विक्रेत्याची वाट पाहण्याची वेळ कमी करतो. ऑनलाइन बाजारातला मधला मात्र गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घेतो आणि विक्रेत्याला नंतर देतो. थांबण्याचा भार विक्रेत्यावर पडतो, आणि या विषयातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

अभिप्रायाची पद्धत रुळवली ती ईबे या अमेरिकी कंपनीने. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाने लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. भांडणे येऊ लागली तेव्हा प्रत्येक तंटा स्वतः सोडवण्याऐवजी त्यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये लोकांनीच एकमेकांबद्दल उघडपणे लिहावे अशी सोय केली. चांगल्या शेऱ्याला अधिक एक, वाईटाला वजा एक, मधल्याला शून्य. या बेरजेचा आकडा नावापुढे दिसे, आणि तो दहावर गेला की पिवळा तारा लागे. गावात नावाला बट्टा लागला की चारचौघांत कळते. तेच काम हा आकडा अनोळखी लोकांत करू लागला.

या आकड्याला बाजारात खरोखर किंमत आहे का, हे अमेरिकी संशोधक पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिले. जुनी पोस्टकार्डे विकणाऱ्या एका मुरलेल्या ईबे विक्रेत्याने सारख्याच प्रतीची कार्डे दोन प्रकारे विकायला ठेवली: काही आपल्या जुन्या, भरपूर अभिप्राय असलेल्या नावाने आणि काही नव्याकोऱ्या नावांनी. माणूस तोच, पाकीट तेच, टपालही तेच. तरी जुन्या नावाला गिऱ्हाइकांनी सरासरी ८.१ टक्के जास्त मोजण्याची तयारी दाखवली. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: नव्या नावांना एखाद-दुसरा वाईट शेरा मिळाला तरी भावात फरक पडल्याचे दिसले नाही. नव्या माणसाकडे गिऱ्हाईक मुळातच सावधपणे पाहते.

पहिल्या पद्धतीत मात्र एक मोठी खोट होती. गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही एकमेकांना शेरा देत आणि तो लगेच दिसे. माल खराब निघाला म्हणून गिऱ्हाइकाने वाईट शेरा दिला की विक्रेता सूड म्हणून तसाच शेरा परत देई. त्या भीतीने गिऱ्हाइके गप्प बसत, आणि ज्याच्याकडून फसवणूक झाली त्याचाही आकडा चकचकीत राही. मे २००७ मध्ये ईबेने चार बाबींवर निनावी तारे देण्याची सोय केली: वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, संवाद कसा होता, पाठवायला किती वेळ लागला, आणि पाठवणीचा खर्च रास्त होता का. वर्षभराने, मे २००८ मध्ये, विक्रेत्याने गिऱ्हाइकाला वाईट किंवा मधला शेरा देण्यावरच बंदी आली. त्याविरुद्ध विक्रेत्यांनी फेब्रुवारीतच आठवडाभर बहिष्कार पुकारला होता. त्यांचे म्हणणे अजूनही खोडून काढता येत नाही: बोली लावून पैसे न भरणाऱ्या किंवा वापरलेली वस्तू परत करणाऱ्या गिऱ्हाइकाची खूण पुढच्या विक्रेत्याला आता पटणार कशी? तरी कंपनी मागे हटली नाही.

याहून समतोल वाट दुसऱ्या धंद्यात सापडली. मुक्कामासाठी घरे भाड्याने देण्याघेण्याच्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये नियम केला, की दोघांचे शेरे झाकलेले राहतील. दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवस उलटल्यावरच ते उघड होतील. समोरच्याने काय लिहिले ते माहीतच नसल्याने सूड उगवायला जागा उरत नाही आणि दोघांचाही आवाज शाबूत राहतो. वस्तूंच्या बहुतेक मोठ्या बाजारांनी ही पद्धत उचलली नाही, ही खेदाची बाब आहे.

विक्रेत्याला आज जे नियम पाळावे लागतात त्यांचा गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. चांगल्या शेऱ्यासाठी पैसे, सूट किंवा भेट देता येत नाही. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्ये फुकट वस्तूच्या बदल्यात लिहिलेले वस्तूंचे परिचयही ('रिव्ह्यू') बंद केले. 'जास्तीचे काही दे, नाहीतर वाईट शेरा देतो' असे गिऱ्हाइकाने धमकावले तर ईबेवर तो नियमभंग ठरतो. मात्र धमकी ईबेच्याच संदेशपेटीत लिहिलेली असेल तर दाखवणे सोपे, फोनवर दिलेली असेल तर अवघड. शेरा बदलण्याची विनंती विक्रेता करू शकतो, पण वर्षात मिळालेल्या हजार शेऱ्यांमागे पाचच वेळा. ॲमेझॉनवर वस्तूचा परिचय वेगळा आणि विक्रेत्याबद्दलचा अभिप्राय वेगळा. ज्या मालाची साठवण आणि पाठवणी कंपनीच करते, त्याच्या उशिराबद्दलचा शेरा खोडला जातो आणि विक्रेत्याच्या माथी येत नाही. तिथे वाईट शेरे, दावे आणि बँकेमार्फत परत ओढलेले पैसे मिळून सदोष व्यवहारांचे प्रमाण एक टक्क्याखाली ठेवावे लागते. महिन्याला ५० ऑर्डर असणाऱ्या छोट्या विक्रेत्याला एकच रागावलेले गिऱ्हाईक ती रेषा ओलांडायला पुरेसे होते.

शेऱ्यात किती कडवटपणा चालेल, हा प्रश्न जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. एका माणसाने ईबेवर नळीच्या चार पकडी घेतल्या, एकूण १९.२६ युरो, त्यांत ४.९० युरो पाठवणीचे. त्याने शेरा लिहिला: माल चांगला, पण पाठवणीचा खर्च म्हणजे लूट. विक्रेत्या कंपनीने तो काढून टाकण्यासाठी दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, वरच्याने मान्य केला, आणि अखेर २८ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे गिऱ्हाइकाचे मत आहे. शब्द बोचरा असला तरी हेतू केवळ समोरच्याची नालस्ती करण्याचा नाही, म्हणून शेरा राहू शकतो. पाच युरोंच्या टपालखर्चासाठी तीन न्यायालये झाली, यावरून एका ओळीचा विक्रेत्याला किती धाक असतो ते कळते.

पैसे रोखण्याची रीत अभिप्रायानंतर आली, आणि ती जास्त बोचते. ईबेने २००२ मध्ये पेपाल ही पैसे पोचवणारी कंपनी दीड अब्ज डॉलरला घेतली. पुढे २००८ च्या सुमारास जोखमीच्या वाटणाऱ्या विक्रीचे पैसे २१ दिवसांपर्यंत थांबवले जाऊ लागले. नव्या विक्रेत्याला मोकळीक मिळण्यासाठी ईबेने घातलेली मापे अशी: पहिल्या विक्रीला ९० दिवस झालेले असावेत, २५ हून अधिक व्यवहार झालेले असावेत आणि एकूण विक्री २५० डॉलरची असावी. ॲमेझॉनवर अनेक खात्यांचे पैसे माल पोचल्यानंतर सात दिवस राखून ठेवले जातात. खाते बंद झाले तर मुदत आणखी लांबते. पेपाल अशा वेळी शिल्लक १८० दिवसांपर्यंत धरून ठेवू शकते. यामागचे कारण निराधार नाही. दहा-वीस स्वस्त वस्तू नीट पाठवून चांगले शेरे गोळा करायचे, मग महागड्या फोनचे पैसे घेऊन पसार व्हायचे, ही ठकांची ठरलेली चाल आहे, आणि तिला अभिप्राय नव्हे, रोखलेले पैसेच अडवू शकतात.

चीनमध्ये अलिबाबा कंपनीच्या ताओबाओ या ऑनलाइन बाजाराने २००३ मध्ये हाच विचार बाजाराच्या पायाशी ठेवला. गिऱ्हाइकाचे पैसे मधल्या खात्यात, माल मिळाल्याची कबुली आली की विक्रेत्याला. त्यातूनच अलिपे ही पैसे पोचवणारी सेवा उभी राहिली. भारतातही ईबेने २००४ मध्ये बाझी हे संकेतस्थळ विकत घेतल्यावर 'पैसापे' नावाने तशीच सोय चालवली. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले.

भारतात रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रथम सांगितले, की मध्यस्थाने गोळा केलेले पैसे त्याच्या धंद्याच्या खात्यात मिसळू नयेत, वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि ठरावीक दिवसांत चुकते करावेत. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी मुदती बांधल्या: माल पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल तर पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे द्यावेत, परंतु विक्रेत्याशी तसा करार असेल तर परताव्याची मुदत संपून एक दिवस होईपर्यंत ते ठेवण्याची मुभा दिली. व्यवहारात हे 'परंतु'च महत्त्वाचे, कारण तयार करारावर सही करणाऱ्या छोट्या विक्रेत्याला त्यातले कलम बदलून घेण्याची ताकद नसते.

हिशेब करून पाहावा. समजा, सोलापुरी चादरी विकणाऱ्या एका घरगुती धंद्याची रोजची विक्री २,००० रुपयांची आहे. माल पोचायला पाच दिवस आणि परताव्याची मुदत दहा दिवस धरली, तर कोणत्याही दिवशी ३०,००० रुपये वाटेत अडकलेले असतात. यंत्रमागवाल्याला, खोकी देणाऱ्याला रोख द्यावे लागते. म्हणजे हे ३०,००० दुसरीकडून उभे करायचे. त्यात कंपनीचे कमिशन आणि पाठवणीचा खर्च कापला जातोच, शिवाय जीएसटीपोटी अर्धा टक्का (जुलै २०२४ पूर्वी एक टक्का) आणि आयकरापोटी ०.१ टक्का (ऑक्टोबर २०२४ पूर्वी एक टक्का) वजा होतो. ही वजावट पुढे विवरणपत्रात जमा धरून मिळते. घरपोच रोख घेण्याच्या पद्धतीत आणखी एक फटका असतो: गिऱ्हाईक दारातच पार्सल नाकारते, माल फिरून येतो आणि विक्री झालीच नाही असे होते.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहता, २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिण्यास मनाई केली आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्राय गोळा करण्याचे व प्रसिद्ध करण्याचे मानकही काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. विक्रेत्याच्या बाजूचा कायदा युरोपीय संघाने केला: जुलै २०२० पासून तिथे बाजारपेठेला खाते थांबवताना लेखी कारण द्यावे लागते आणि कायमचे बंद करायचे तर साधारणपणे ३० दिवस आधी कळवावे लागते. भारतातल्या विक्रेत्यांना अशा नेमक्या संरक्षणाची गरज आहे.

कमावलेला अभिप्राय विक्रेत्याचा की बाजाराचा, हा प्रश्नही जुना आहे. ॲमेझॉनने १९९९ मध्ये लिलाव सुरू केले तेव्हा विक्रेत्यांना ईबेवरचे आपले शेरे सोबत आणण्याची मुभा दिली होती. हे शेरे आमची मालमत्ता आहेत असे सांगून ईबेने जोरदार हरकत घेतली आणि ॲमेझॉनने ती सोय बंद केली. आजही एका बाजारात हजार चांगले शेरे मिळवलेला विक्रेता दुसऱ्या बाजारात गेला की शून्यापासून सुरू करतो, आणि नवा विक्रेता म्हणून त्याचे पैसे पुन्हा होल्डवर जातात.