गांडूळपेटी व आंबवणांचे अवशेष

कोंबुचाचा (आंबवलेल्या चहाचा) जाड थर, केफिरचे (आंबवलेल्या दुधाचे) जास्तीचे दाणे, आंबून गेलेले इडलीचे पीठ, नासलेले विरजण असे आंबवणांतून उरणारे पदार्थ गांडुळांकरवी खतात बदलण्याची घरगुती पद्धत. गांडूळखताची सामान्य कृती सर्वपरिचित असल्याने येथे दिलेली नाही.

पेटीतील गांडुळे खोल बिळे करणारी नसून शेणापाचोळ्याच्या थरात राहणारी असतात. त्यांपैकी लाल गांडुळाच्या जातीविषयी मतभेद आहेत. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ साव्हिन्यी यांनी १८२६ मध्ये वर्णिलेल्या आयसेनिया फेटिडा या पट्टेदार जातीतच एकरंगी गांडुळेही दीर्घकाळ मोजली जात. फ्रेंच गांडूळतज्ज्ञ बूशे यांनी १९७२ मध्ये एकरंगी गांडुळांना आंद्रेई हे नाव दिले, तेही उपजात म्हणून. संकराचे प्रयोग व डीएनएची तुलना पाहता त्या दोन स्वतंत्र जाती मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र पुढील काही अभ्यासांत दोहोंचे संकरज आढळल्याने वाद पूर्णतः मिटलेला नाही. परिणामी जुन्या लेखनातील ‘फेटिडा’ नेमकी कोणती, हे दर वेळी ठरवता येत नाही. भारतात आफ्रिकी मूळ असलेली युड्रिलस युजेनी आणि आशियाई पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस याही जाती पाळतात.

गांडूळ कचऱ्याबरोबर त्यावरचे जीवाणू, बुरशी व आदिजीवही गिळते. म्हणून आंबवण त्याला वर्ज्य नाही. अडचण आम्ल, मीठ आणि उष्णता यांची. गांडूळ ओल्या त्वचेतून श्वसन करते. त्याला उदासीनाच्या आसपासचा सामू (पीएच) मानवतो, तर कोंबुचाचा सामू ३ च्या आसपास असतो. त्याचा थर मुख्यतः सेल्युलोजचा आणि चिवट असल्याने धुऊन, बारीक चिरून, थोडाथोडाच पुरावा. क्षारांचे प्रमाण सु. ०·५ टक्क्याच्या आत असावे, असे मानतात. लोणच्याचा खार त्यात कधीच बसत नाही. पिठाचा गोळा एकाच जागी टाकल्यास तो तापतो, आणि ३५° से.च्या वर आयसेनिया सहसा तग धरत नाही.

बोकाशी (ओला कचरा बंद डब्यात सूक्ष्मजीवांकरवी आंबवणे) या जपानी पद्धतीचा प्रसार तेरुओ हिगा (र्‍यूक्यू विद्यापीठ, ओकिनावा) यांच्या सूक्ष्मजीव-मिश्रणामुळे झाला. पद्धत मात्र शेतकऱ्यांत त्यापूर्वीची असावी. झुरिच येथील या मिश्रणाच्या क्षेत्रीय चाचण्यांत दिसलेला लाभ सूक्ष्मजीवांपेक्षा त्यांच्या वाहक द्रव्यामुळे (ज्यात ते मिसळलेले असतात त्यामुळे) असल्याचे आढळले. काहीही असो, बोकाशीतून निघते ते मुरलेले खत नव्हे. ते आंबटच असते. एक-दोन आठवडे मातीत मुरवून मगच पेटीत घालतात.

पेटी आंबटल्यास पांढरे, दोऱ्यासारखे बारीक कृमी (एन्किट्रिड) वाढतात. ते स्वतः निरुपद्रवी असतात. गांडुळे मात्र भिंतींवर चढू लागली, किंवा त्यांचे अंग मणी ओवल्यासारखे फुगले, तर खाद्य थांबवून फाडलेला पुठ्ठा, नारळाचा काथ्या व अंड्यांच्या टरफलांची पूड मिसळावी. कळीचा चुना घालू नये. ओलाव्याशी संयोग होताच तो तापतो आणि त्वचा भाजते.