डेंटिनबंध

दाताच्या वरच्या कठीण आवरणाखालील, म्हणजे एनॅमलखालील, पिवळसर थर म्हणजे डेंटिन. दातात भरायचे प्लास्टिकसारखे रेझिन त्याला धरून राहावे म्हणून मध्ये चिकटद्रव्य लावतात. त्यातून जुळणारी पकड म्हणजे डेंटिनबंध. एनॅमलला रेझिन कसे चिकटवायचे हे कोडे दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्ल लावून सोडवले. डेंटिन मात्र हट्टी निघाले. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के मुख्यतः कोलॅजेन (तंतूंसारखे प्रथिन) आणि १० टक्के पाणी असते, म्हणजे ओल्या भिंतीला रंग देण्याचाच प्रकार. आम्लाने उघड्या पडलेल्या कोलॅजेनच्या जाळीत रेझिन मुरून ‘हायब्रिड थर’ बनतो, हे जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवले.

चिकटद्रव्याच्या ताकदीचे आकडे बहुधा निरोगी डेंटिनवर मोजलेले असतात. खानदेशातल्या दवाखान्यात समोर येणारा दात तसा असेलच असे नाही. वर्षानुवर्षे मशेरी घासलेल्या बाईच्या दाताला हिरडीलगत पाचरीसारखी खाच पडते. आतला भाग चहाच्या रंगाचा, काचेसारखा चकचकीत. टोकदार सळई फिरवली तर घसरते. ‘थंड लागतं का?’ विचारले तर बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ येते. या स्क्लेरोटिक, म्हणजे कडक झालेल्या, डेंटिनच्या सूक्ष्म नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात. त्यामुळे कळ आत पोहोचत नाही, आणि आम्ल व रेझिनही नीट शिरत नाही. ज्या कारणाने दात दुखत नाही, त्याच कारणाने ‘सिमेंट’ गळून पडते. बिचाऱ्या डॉक्टरवर मात्र ‘दातात नीट भरलंच नाही’ असा ठपका येतो. अशा ठिकाणी वरचा गुळगुळीत पापुद्रा बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने) खरवडतात. खनिजातल्या कॅल्शियमशी रासायनिक नाते जोडणारे एमडीपी नावाचा घटक असलेले चिकटद्रव्य किंवा ग्लास आयोनोमर नावाचे दंतसिमेंट तिथे उपयोगी पडते.

किडीने बाधलेल्या डेंटिनवर पकड वेगळ्या कारणाने ढिली असते. खनिज घटलेले, कोलॅजेन बिघडलेले, पाणी जास्त. तरीही मऊ कीड काढल्यावर उरलेला घट्ट, डागाळलेला थर खोल खड्ड्यात राखावाच लागतो, नाहीतर नस उघडी पडते. भोवती निरोगी कड मिळाली तर निभावते. नसेजवळ नळ्याही दाट होतात. एनॅमललगत दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०,०००, तर नसेपाशी ४५,००० च्या घरात. तिथे ओल अधिक, पकड कमी.

भुसावळच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ॲसिटोन किंवा अल्कोहोल असलेल्या चिकटद्रव्याची बाटली उघडी राहिली तर द्रावक उडून जातो, थेंब घट्ट होतो आणि डेंटिनमध्ये मुरत नाही. म्हणून थेंब आयत्या वेळी काढायचा आणि झाकण लगेच लावायचे.